घुबडाला शिकारी पक्षी का म्हणायचं?

निशाचर: सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने 1758 साली घुबडांना ससाण्यांच्या गणात, म्हणजे मोठ्या गटात, बसवलं. चोच आकडेबाज, नखं वाकडी, झालं! नंतर शरीररचना बारकाईने पाहणाऱ्यांनी त्यांना उचलून रातव्यांशेजारी (रात्री उडता उडता किडे पकडणारे पक्षी) नेलं, ते मला जास्त पटतं. घारीला गळ्याशी अन्नाची पिशवी असते, घुबडाला नाही. घारीची आंधळी आतडी (आतड्याला फुटलेल्या, टोकाशी बंद नळ्या) नावापुरती, घुबडाची आणि रातव्याची चांगली लांब. गव्हाणी घुबडाच्या मधल्या बोटाचं नख पाहा, कडेला कंगव्यासारखे दाते. रातव्यालाही तेच.

उंटावरचा शहाणा: बगळ्याच्या नखालाही दाते असतात. त्यालाही भाऊबंद करायचं का? डीएनएप्रमाणे रातवा पाकोळी आणि हमिंगबर्डच्या गोतावळ्यातला, घुबडांपासून लांबचा.

निशाचर: डीएनएचं सांगूच नका. सिबली आणि आल्क्विस्ट या पक्षिशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये डीएनएच्याच जोरावर रातवे घुबडांच्या गणात घातले होते.

उंटावरचा शहाणा: तेव्हा दोन पक्ष्यांच्या डीएनएचे धागे जुळवून ते किती तापमानाला सुटतात, एवढंच मोजायचे. आता अख्खा जीनोम, म्हणजे सगळाच्या सगळा डीएनए, वाचतात. फरक आहे की नाही?

पिंगळा: जीवाश्मांचं कुणी बोलतच नाहीये. अमेरिकेत वायोमिंगमध्ये सापडलेल्या साधारण 5.5 कोटी वर्षांपूर्वीच्या घुबडाचं वर्णन 2020 मध्ये आलं. नाव प्रायमॉप्टिंक्स. आजच्या घुबडांची चारही नखं साधारण सारखी असतात. याच्या मागच्या आणि दुसऱ्या बोटाची नखं बाकीच्यांपेक्षा मोठी, थेट घारी-गरुडांसारखी.

निशाचर: वा! मी नखावरचे दाते दाखवले तर तो योगायोग, आणि तुम्ही नखाचा आकार दाखवला की पुरावा?

पिंगळा: नातं नखावरून ठरवत नाहीये मी. हा पक्षी पायाने भक्ष्य मारायचा, एवढंच म्हणणं आहे. शिकारी म्हणायला अजून काय हवं? नात्याचंच बोलायचं तर ससाणा बघा. तो पोपटांच्या जवळचा, हे 2008 पासून समोर आहे. त्याला कुणी शिकाऱ्यांतून हाकललं?

निशाचर: मग त्यालाही काढा. माझी काही हरकत नाही.

उंटावरचा शहाणा: घुबडांना काढून ठेवणार कुठे? 2014 मध्ये जीनोमवरून काढलेल्या वंशवृक्षात घुबडांच्या शेजारी खंड्या, धनेश, सुतार यांची फांदी आली. नंतरच्या काही वृक्षांत तिथे पुन्हा घारी-गरुडच आहेत. रातवा मात्र दोन्हीकडे लांबच.