'प्रौढ शिक्षण' म्हटलं की बेळगावात हायस्कूल समजतात. मग मथळा काय द्यावा?

सीमावाचक:
एक पत्रक कन्नडमधून मराठीत आणायचं आहे. प्रभागात घरोघरी वाटायचं आहे. घरच्या ओल्या कचऱ्याचं खत आणि साठवणीच्या पाण्यातले डास, या दोन विषयांचे रविवारी दीड तासाचे वर्ग. वयाची अट नाही, शाळा किती झाली याचीही नाही. मथळा आहे 'जीवनपर्यंत कलिके', म्हणजे इंग्रजीतलं 'लाइफलाँग लर्निंग'. पहिल्या खर्ड्यात 'प्रौढ शिक्षण' लिहिलं होतं, पण कर्नाटकात 'प्रौढशाले' म्हणजे हायस्कूल. सरकारी पाटीवर रोज वाचतो आपण. त्यामुळे आठवी ते दहावीच्या मुलांचे वर्ग असा अर्थ लागला. आता 'आजीव अध्ययन', 'निरंतर शिक्षण' की 'आयुष्यभर शिकणं'? शिवाय खाली 'सुस्थिर नगर' (इंग्रजीत 'सस्टेनेबल सिटी') आहे, त्याला मराठीत काय म्हणावं?

कडोलीकर:
'आजीव' नको. संस्कृतात आजीव म्हणजे उपजीविका. बौद्धांच्या अष्टांगिक मार्गातला 'सम्यक आजीव' म्हणजे सचोटीनं पोट भरणं. तेव्हा आजीव अध्ययन म्हणजे पोटापाण्याचं शिक्षण झालं. मुंबई विद्यापीठाच्या विभागाच्या नावात 'आजीवन अध्ययन' आहे, ते बरोबर.

निपाणीची वाचक:
वाचनालयाच्या पावतीपुस्तकात 'आजीव सभासद' छापलेलं असतं, तिथे कुणी उपजीविका शोधत नाही. मराठीनं तो शब्द आपल्या अर्थानं घेतला, संस्कृतातलं मूळ काहीही असो. 'आजीवन'च्या मागे मात्र कारावास लागलेला आहे. आणि घरोघरच्या पत्रकावर 'अध्ययन' कशाला? तो शब्द बी.एड.च्या वर्गात ठीक.

नगररचना खानापूर:
शब्द कोणताही घ्या, फक्त त्यात शिकणारा दिसू द्या. 'शिक्षण'मध्ये देणारा पुढे येतो, 'शिकणं'मध्ये घेणारा. या कल्पनेचा सगळा भर घेणाऱ्यावर आहे. १९७२ मध्ये युनेस्कोच्या एडगर फोर आयोगानं सगळा समाजच शिकणारा असावा असं मांडलं. हॅम्बुर्गला युनेस्कोची याच विषयाची संस्था आहे. शिकणाऱ्या शहरांची पहिली जागतिक परिषद २०१३ मध्ये बीजिंगला झाली, आणि २०२१ मध्ये दक्षिण कोरियातल्या योन्सूच्या परिषदेचा विषयच शिकण्यातून निरोगी शहरं घडवणं हा होता. आपल्याकडची वरंगळ, त्रिशूर आणि निलंबूर ही शहरं २०२२ मध्ये युनेस्कोच्या शिकणाऱ्या शहरांच्या जाळ्यात आली.

शिकण्याचा शहराच्या तब्येतीशी संबंध सरळ आहे. घंटागाडी विकत आणता येते, पण सकाळी कुठल्या बादलीत काय पडतं ते घरातल्या हातावर अवलंबून. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी कचरा तीन जागी मागितला: ओला, सुका आणि घरगुती घातक. त्याआधी शाळा सुटलेल्या माणसाला हे वर्गात कुणी शिकवलेलं नाही. बेळगावच्या तुरमुरी कचरा डेपोवर मिसळलेला कचरा गेला की ओल्याचं खत होत नाही, सुक्याला भाव येत नाही.

वडगाव पेठ:
मग आपलं बोलणंच छापा की. 'आम्ही अजून शिकायलोय.' बेळगावात कुणालाही कळेल.

कडोलीकर:
छापील मजकुरात 'शिकायलोय'? ते कन्नड वळण आहे.

वडगाव पेठ:
कन्नड वळण कसं? 'शिकायला लागलोय' आखडून 'शिकायलोय' झालं, मराठीतच. कोल्हापुरात आणि सोलापुरातही ऐकू येतं. आणि हे रूप चालू क्रिया दाखवतं, ती 'अध्ययन'मध्ये कुठे आहे?

निपाणीची वाचक:
'सुस्थिर'बद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात 'शाश्वत' रुळलं आहे, पण शाश्वत म्हणजे कधीच न संपणारं. शहराला ते लावणं पटत नाही. 'टिकाऊ' कुणी चपलेला म्हणत असेल तर म्हणो, मला तोच आवडतो. कन्नडचा 'सुस्थिर' तसाच ठेवला तरी आपल्याला परका नाही.

हिंडलगा खतवाले:
मथळ्यापेक्षा आतला मजकूर तपासा. कन्नडमध्ये 'हसी कस' (ओला कचरा) आणि 'ओण कस' (सुका कचरा) असणार. मराठीत 'कस' म्हणजे जमिनीचा जोम. घाईत कुणी 'ओला कस' लिहिलं तर अर्थ उलटा होईल.

वडगाव पेठ:
दोन्ही शब्द एकच असणार. कचऱ्याचं खत होतं, खतानं जमिनीला कस येतो!

कडोलीकर:
नाही. आपला कस 'कष्'वरून, घासून पारखणं; कसोटी त्यातलीच. कन्नडचा कस म्हणजे केरकचरा, तो निराळा.

हिंडलगा खतवाले:
'हसी' म्हणजे ओलं तसंच कच्चंही, त्यामुळे शिळा भात त्यात धरायचा का, असा प्रश्न येतो. धरायचा, पण थोडा, आणि रस्सा निथळून. पत्रकात 'कचरा सडवा' असं आलं असेल तर तेही बदला. कुजणं आणि सडणं एक नव्हे. कुजतं ते हवा लागून, मातीचा वास येत. सडतं ते हवेवाचून, सडक्या अंड्याचा वास मारत.

वीस लिटरची बादली घ्या, चहूबाजूंनी आणि तळाला ८ ते १० मिलिमीटरची भोकं पाडा, खाली ताट ठेवा. तळाशी चार बोटं सुका पाला. मग एक वाटी ओल्यावर दोन वाट्या सुकं, दर वेळी झाकून. सुरुवातीला शेणकाला किंवा कपभर आंबट ताक. तीन-चार दिवसांनी खालवर करा. मूठ घट्ट दाबली तर एखादा थेंब यावा. धार लागली तर सुकं कमी पडलं, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा. नाकात झोंबणारा वास आला तर ओलं जास्त झालं. पांढऱ्या अळ्या दिसल्या म्हणून बादली ओतून देऊ नका, त्या खातच असतात. सुकं वाढवा, कमी होतात. दीड-दोन महिन्यांत भुसभुशीत खत.

आपल्याकडे हे फसतं ते जुलैत. पाऊस लागला की सुका पाला मिळत नाही. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीतच दोन पोती भरून आडोशाला ठेवावीत. लाकडाचा भुसा, शेंगांची टरफलंही चालतात. पत्रकात हे नसेल तर पावसाळ्यात निम्मी घरं सोडून देतील.

निपाणीची वाचक:
मग 'कुजवणे' छापा. 'आंबवणे' मात्र नको, ते इडलीच्या पिठाचं.

नगररचना खानापूर:
पत्रकातल्या डासांच्या मजकुरात 'कोरडा दिवस पाळा' असेल. लोक त्याचा अर्थ दारूबंदीचा लावतात, किंवा नुसतं पाणी ओतून बॅरल परत भरतात. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात, सुकली तरी काही महिने तग धरतात आणि पाणी चढलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस. म्हणून आठवड्यातून एकदा 'रिकामं करा, काथ्यानं घासा, मग भरा' असं लिहा. नळाला रोज पाणी नाही तिथे भरलेला हौद ओता म्हणणं अवघड. तिथे गप्पी मासे सोडावेत, आणि बॅरलला फट न ठेवता कापड बांधावं.

वडगाव पेठ:
'काथ्या' कळेल ना सगळ्यांना? आमच्या भागात 'नारळाची शेंडी' म्हणतात.

कडोलीकर:
काथ्या म्हणजे त्या शेंडीचा सोडवलेला धागा, त्याचे दोर वळतात. घासायला शेंडीच घेतात.

सीमावाचक:
'शेंडीनं घासा' केलं. 'कुजवणे'ही घेतलं. पत्रक बुधवारी छापायला जायचं आहे आणि मथळ्याची जागा अजून मोकळी आहे.

वडगाव पेठ:
'शिकायलोय' लिहा.

कडोलीकर:
आजीवन.