मदत हवी आहे: जळगावात घर घ्यायचंय, पिंप्राळा की मेहरूण?

नमस्कार मंडळी, नऊ वर्षं भाड्याने काढली, आता स्वतःचं घर घ्यायचं ठरवलंय पण कुठे ते ठरत नाहीये. आम्ही पिंप्राळ्यात राहतो, जुनी वस्ती आहे, सकाळी ओट्यावर बिबड्या (ज्वारीचे पापड) वाळत घातलेल्या असतात, गिरणीवाले काका कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ न सांगता जाडसर दळून देतात. पण दोन वर्षांत गल्लीतली तीन धाब्याची (सपाट मातीच्या छताची) घरं पाडून अपार्टमेंट उभे राहिले, मालक पैसे घेऊन गावाबाहेर गेले आणि भाडेकरूंना कोणी विचारलंही नाही. समोरच्या मावशी बावीस वर्षं राहिल्या, जाताना तुळस आमच्या दारात ठेवून गेल्या, तेव्हापासून मनाला लागून राहिलंय की आपण फ्लॅट घेतला तर आपणही त्यातलेच का?

दुसरा पर्याय मेहरूणकडे, तलावाजवळ. सकाळी फिरायला मस्त, पण रेट ऐकून घाम फुटतो, आणि मिळतोय तो वरचा मजला, मे महिन्यात पारा ४५ ला गेला की स्लॅबखाली सासूबाईंचं काय होईल?

मला विचारायचंय ते हे, वाघूर धरणाचं पाणी तुमच्याकडे किती दिवसाआड येतं? जुन्या घराच्या जागेवरचं बांधकाम असेल तर सिटी सर्व्हेचा उतारा, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र याशिवाय अजून काय बघायचं? घर माझ्या, म्हणजे बाईच्या, नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, त्याला अटी काय? तिथे राहणाऱ्या ताई-दादांनी खरंखरं सांगा, पुढच्या आठवड्यात बयाणा द्यायचाय.