हळद खाणं आणि हळदीच्या कॅप्सूल गिळणं यात फरक आहे की नाही? (शुगर असणाऱ्यांनी जरूर लिहा)

गंगावेसकर:
आमच्या तालमीत संध्याकाळी बसणाऱ्या पन्नाशीच्या मंडळींकडे हल्ली हळदीच्या, ग्रीन टीच्या, जांभूळबियांच्या कॅप्सूलच्या डब्या दिसतात. अँटिऑक्सिडंट आहे, झाडपाल्याचं आहे, अपाय नाही, एवढ्या तीन शब्दांवर ते विकलं जातं. माझं मत स्पष्ट आहे. अर्क काढून दाट केलेली वस्तू म्हणजे औषध. ते औषधासारखंच मोजून, रक्त तपासून, डॉक्टरांना सांगून घ्यावं, नाहीतर घेऊच नये.

हिशोब बघा. हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिच्यातलं मुख्य द्रव्य, साधारण 3 टक्के. दिवसभरात आमटी-भाजीतून 3 ग्रॅम हळद पोटात गेली तरी कर्क्युमिन 90 मिलिग्रॅमच्या आसपास, आणि त्यातलंही बरंचसं अंगी न लागता बाहेर पडतं. कॅप्सूलमध्ये एका वेळी 500 मिलिग्रॅम, वर मिरीतलं पायपरिन. 1998 साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं की पायपरिन सोबत दिलं की माणसाच्या रक्तात कर्क्युमिन वीसपट पोचतं. जाहिरातीत हे मोठ्या अक्षरात असतं. पण यकृताची जी यंत्रणा पायपरिन अडवतं, तीच आपल्या इतर गोळ्यांचाही निचरा करत असते. फिटच्या औषधाची रक्तातली पातळी यामुळे वाढते. 2019 मध्ये इटलीत हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांना यकृताची सूज आली आणि तिथल्या सरकारला लेबलवर इशारा छापायला लावावा लागला.

तालमीतल्या पोरांसाठी आणखी एक. 2009 साली जर्मनीत तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला. काहींना रोज सी आणि ई या अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा दिल्या. ज्यांनी त्या घेतल्या नाहीत त्यांच्या शरीरात इन्शुलिन जास्त चांगलं काम करू लागलं, गोळ्या घेणाऱ्यांत तो फायदा दिसलाच नाही. मेहनत करताना स्नायूत जे ऑक्सिडंट तयार होतात, तो शरीराला सुधारायचा निरोप असतो. तोच आपण पुसून टाकायचा का?

राधानगरीकर:
दादा, सी आणि ई जीवनसत्त्व म्हणजे वनस्पतीचा अर्क नव्हे. ते उदाहरण इथं लावू नका. हळदीचंच बघायचं तर 2012 चा थायलंडचा अभ्यास का सोडला? मधुमेहाच्या उंबरठ्यावरची 240 माणसं, नऊ महिने. औषध नसलेली नुसती गोळी दिलेल्या गटात 16.4 टक्के लोकांना मधुमेह झाला, कर्क्युमिन घेणाऱ्यांत एकालाही नाही. हे दाबून ठेवायचं आणि इटलीचं तेवढं सांगायचं, हे बरोबर नाही. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर कॅप्सूल सुरू केल्यावर खाली आली आहे. रिपोर्ट घरात आहे.

गंगावेसकर:
अभ्यास चांगलाच आहे, मी नाकारत नाही. पण ती माणसं दवाखान्याच्या देखरेखीखाली होती, मात्रा ठरलेली होती, यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या होत होत्या. आहार-व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना होता. लक्ष्मीपुरीतल्या दुकानातून डबी घेऊन मनानंच दोन-दोन खाणाऱ्याला तो निकाल लागू होत नाही.

वैद्यकीची विद्यार्थिनी:
मी बी.ए.एम.एस.ला आहे. काका, तुमचा रोख आयुर्वेदावर गेला तर ते चुकीचं होईल. प्रमेहात, म्हणजे मधुमेहासारख्या आजारात, हळद आणि आवळा एकत्र देतात, पण ते रोग्याची प्रकृती बघून आणि पथ्य सांगून. एक रेणू वेगळा काढून पायपरिनबरोबर कॅप्सूलमध्ये भरणं ही आमची पद्धत नाही.

आणि "घेऊच नये" हे टोकाचं वाटतं. मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीचं मूळसुद्धा गॅलेगा नावाच्या युरोपातल्या झुडपात आहे. त्यातल्या द्रव्यानं साखर उतरते पण ते विषारी, म्हणून त्याच्या जवळचं सुरक्षित रसायन शोधलं आणि 1957 पासून ते माणसांना दिलं जाऊ लागलं. वनस्पतीत ताकद आहे म्हणूनच हे झालं. दारुहळदीतलं बर्बेरिनही साखर उतरवतं. लोकांना घाबरवण्यापेक्षा नीट घ्यायला शिकवा.

आजरेकर:
मग काळ्या गुळाचं काय? त्यातही अँटिऑक्सिडंट आहेत म्हणतात. आमच्याकडं शुगरवाले चहात बिनधास्त घालतात.

गंगावेसकर:
गुळात ते असतात, पण बाकी बहुतेक साखरच. कोल्हापूरच्या गुळाचा मला अभिमान आहे, तरी शुगरवाल्यानं तो साखर म्हणूनच मोजावा.

औषध दुकानवाला:
मी रोज काउंटरवर उभा असतो म्हणून लिहितो. वाद कॅप्सूल चांगली की वाईट हा नाहीच. ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी चालू असताना माणूस गुडमार ही साखर उतरवणारी वनस्पती सुरू करतो, साखर अचानक उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात. दुसरा कॅप्सूल परवडावी म्हणून मेटफॉर्मिन अर्धीच नेतो. हे जास्त वाईट. ग्रीन टीचा अर्क घेणाऱ्यांनी डबीवर ईजीसीजीचा, म्हणजे त्यातल्या मुख्य द्रव्याचा, आकडा वाचावा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2018 मध्ये सांगितलंय की दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं तर यकृताच्या तपासणीतले आकडे वाढू शकतात. कपातल्या चहाची ही गोष्ट नाही, अर्काची आहे.

राधानगरीकर, एकच विचारतो. तुमची शुगरची गोळी चालू आहे ना?

राधानगरीकर:
चालू आहे, आणि पहाटे रंकाळ्याला फेरीही असते. साखर कशानं उतरली ते वेगळं करून दाखवता येणार नाही, पण कॅप्सूल मी सोडणार नाही. गंगावेसकर दादा, तुम्ही म्हणता डॉक्टरांना सांगा. सांगितलं की ओरडतात, "तो झाडपाला आधी बंद करा" म्हणतात, कशात काय आहे ते बघतसुद्धा नाहीत. म्हणून लोक लपवतात. त्याबद्दल कोण बोलणार?

गंगावेसकर:
त्याबद्दल बोललंच पाहिजे, लपवण्यामुळंच जास्त नुकसान होतं. नुसतं नाव सांगू नका, डबी टेबलावर ठेवा आणि मागची बाजू वाचायला लावा. पायपरिन किती, अर्क किती, सगळं तिथं असतं. एस.जी.पी.टी. ही यकृताची रक्ततपासणी आधी एकदा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लिहून मागा. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी कॅप्सूल बंद करून दवाखाना गाठायचा. वैद्यकीच्या ताई, आवळा-हळद देताना तुमच्याकडं यकृताच्या तपासण्या कधी करायला सांगतात ते इथं लिहा, तालमीतल्या लोकांना मी वाचून दाखवतो.