नळाचे आटे भिंतीतल्या एल्बोत (पाइपच्या वळणाच्या जोडात) तुटले, टाइल न फोडता कसे काढू?

आमची इमारत ३५ वर्षांची, पाइप जीआयचे, म्हणजे जस्ताचा थर दिलेले लोखंडी. बाथरूममधला बादलीवरचा नळ दोन महिने ठिबकत होता. दोनदा वायसर बदलला, आठवड्यात पुन्हा टपटप. शेवटी काल अर्धा इंची पितळी नळ आणला, गच्चीवरची चावी बंद केली आणि पाइप पान्याने जुना फिरवला. पाव फेरा फिरला आणि कट्टकन तुटला. नळ हातात, आटे भिंतीत. बोट घातलं की पितळेची पातळ कड लागते आणि बोट गंजाने लाल होऊन येतं.

याच लाइनवर खालचे दोन मजले आहेत. तळमजल्यावरच्या आजींनी दोनदा विचारलं, मला तोंड दाखवायला लाज वाटतेय. प्लंबर मंगळवारी येणार आणि थेट टाइल फोडायचं म्हणतो. तसल्या टाइल्स आता मिळत नाहीत.

उत्तर १
ताई, आधी आजींचं पाणी सुरू करा. लाकडाची निमुळती खुंटी करा, कापड गुंडाळून भोकात हलक्या हाताने ठोका. टाकी तुमच्याहून चारेक मीटर वर असेल तर दाब चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.४ किलो. खुंटी नक्की धरेल.
आणि वायसर टिकत नव्हता, म्हणजे नळातली बैठक, जिच्यावर वायसर दाबून बसतो ती, झिजली असणार. तिथे कितीही वायसर घाला, पाणी थांबत नाही.

उत्तर २
हेक्सॉच्या (लोखंड कापायच्या करवतीच्या) ब्लेडच्या एका टोकाला चिंधी बांधा. एल्बोत आत बोळा कोंबा, नाहीतर कीस पाइपात जाईल. पितळेच्या कड्याला आतून दोन काप द्या, मध्ये ५ मिमी अंतर. घाई अजिबात नको, एल्बोचे आटे दिसू लागले की थांबा. मधला तुकडा स्क्रूड्रायव्हरने आत वाकवा, कडं सैल होतं, मग पक्कडीने फिरवून काढा. बोळा काढायला विसरू नका. नवा नळ लावण्याआधी क्षणभर पाणी सोडून गंज वाहू द्या.

प्रश्नकर्ती
निघालं! खुंटीमुळे आजींना काल रात्रीच पाणी मिळालं, आज दोन तास ब्लेड चालवलं. पण दुसरा काप खोल गेला, एल्बोच्या आट्याला चर पडला. आट्यांवर गुंडाळायच्या टेफ्लॉन टेपचे दहा वेढे दिले तरी तिथून थेंब येतोच.

उत्तर २
नुसत्या टेपने चर भरणार नाही. नळाच्या आट्यांवर तागाचे बारीक दोरे बसवा, वर टेप. नळाचं टोक स्वतःकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा, उलटं गेलं तर आवळताना सगळं गोळा होऊन बाहेर येतं. ताग भिजला की फुगतो. रात्रभर थांबून सकाळी कोरडा कागद लावून बघा.