मदत हवी आहे : पिस्तुलासाठी रेड डॉट साइट कोणती घ्यावी?

खानापूरकर
नमस्कार. पिस्तुलावर बसवण्यासाठी चांगली रेड डॉट साइट, म्हणजे काचेवर दिव्याचा लाल ठिपका दाखवून नेम धरू देणारे साधन, हवी आहे. दुकानदार ३ एमओएचा (एमओए हे ठिपक्याचा आकार सांगणारे कोनाचे माप) ठिपका घ्या म्हणतो, तर ओळखीचे एक गृहस्थ ६ एमओएचा आग्रह धरतात. पुढच्या महिन्यापर्यंत साइट हाताशी असणे आवश्यक असल्यामुळे कृपया थेट मॉडेल सुचवावे.

टिळकवाडीकर
पिस्तूल कोणते, अंतर किती आणि साइट बसवण्याची सोय कशी आहे, हे कळल्याशिवाय मॉडेल सांगणे कठीण आहे. एअर पिस्तुलावर बहुधा ११ मिमीचा डव्हटेल (साइट अडकवण्याची अरुंद पट्टी) असतो, तर बऱ्याच साइटचे माउंट (बैठक) रुंद रेलसाठी, म्हणजे रुंद पट्टीसाठी, केलेले असते, आणि ते एकमेकांवर बसत नाही.

माजी सुभेदार
पिस्तूल कोणतेही असो, बंद प्रकारचीच साइट घ्यावी. उघड्या प्रकारात दिव्यापासून काचेपर्यंतची वाट मोकळी असते. तिथे पाण्याचा थेंब किंवा धूळ बसली की ठिपका विस्कटतो अथवा दिसेनासा होतो. खानापूर भागातला पावसाळा आपण सगळेच जाणतो.

निपाणीकर
सुभेदारसाहेब, आदर ठेवून असहमत आहे. छपराखाली सराव करणाऱ्याने पावसाची चिंता का करावी? बंद साइट सहसा वजनाने जास्त असते, आणि एका हाताने पिस्तूल धरणाऱ्याच्या मनगटाला ते वाढलेले वजन लगेच जाणवते.

चिकोडीकर
४.५ मिमी व्यासाच्या आणि २० जूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, हे लक्षात असू द्यावे.

खानापूरकर
परवान्याविषयी मी विचारले नव्हते. पिस्तूल १० मीटरचे एअर पिस्तूल आहे आणि सराव बंद हॉलमध्ये होतो. चाळिशी लागल्यापासून पिस्तुलाच्या टोकाकडची पुढची साइट पुसट दिसते, म्हणून ठिपका हवा आहे. आता तरी मॉडेल सांगावे.

टिळकवाडीकर
१० मीटरवर १ एमओए म्हणजे सुमारे २.९ मिमी. टार्गेटवरचे दहाचे वर्तुळ ११.५ मिमीचे असते. ३ एमओएचा ठिपका त्यात मावतो. ६ एमओएचा साडेसतरा मिमीचा होतो आणि वर्तुळ पूर्ण झाकून टाकतो. मात्र आपल्या चष्म्यात सिलिंडरचा (ॲस्टिग्मॅटिझम या दृष्टिदोषाचा) नंबर आहे का? असल्यास ठिपका गोल न दिसता शेपटी फुटल्यासारखा दिसू शकतो, आणि मग महागडी साइटही उपयोगी पडत नाही. दुकानात मोबाइलच्या कॅमेऱ्यातून ठिपका पाहावा : तिथे गोल आणि डोळ्याला वेडावाकडा दिसला, तर दोष बहुधा साइटचा नसतो. आणि पुढच्या महिन्यात नेमके काय आहे?

खानापूरकर
सिलिंडरचा थोडा नंबर आहे. पुढच्या महिन्यात क्लबची स्पर्धा आहे. नियम आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचेच.

निपाणीकर
अहो, हे आधी सांगायला हवे होते! त्या नियमांनुसार १० मीटर एअर पिस्तुलावर फक्त उघड्या साइट, म्हणजे काच किंवा ठिपका नसलेल्या साध्या पुढच्या-मागच्या साइट, चालतात. रेड डॉट बसवून रेषेवर उभे राहता येणार नाही. नंबराचा चष्मा मात्र चालतो. नेमबाजीच्या डोळ्यासाठी दूरच्या नंबरात साधारण अधिक ०.५० ते ०.७५ची भर घालून भिंग करून घ्यावे. पुढची साइट स्पष्ट दिसेल आणि टार्गेट किंचित पुसट होईल. तसेच ते असायला हवे.

माजी सुभेदार
स्पर्धेचे ठीक आहे. सरावासाठी बंद प्रकारची साइट घेतल्यास बिघडत नाही.

टिळकवाडीकर
सुभेदारसाहेब, स्पर्धा तोंडावर असताना बिघडते, असे मला ठामपणे वाटते. ठिपक्याने नेम धरताना नजर टार्गेटवर ठेवायची असते, उघड्या साइटने धरताना पुढच्या साइटवर. महिनाभर एक सवय लावून ऐन स्पर्धेत दुसरी कशी सांभाळणार? खानापूरकर, हात नेहमीसारखा ताणून पिस्तूल धरावे, घरच्या कोणाकडून डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंतचे अंतर टेपने मोजून घ्यावे आणि तो आकडा चष्मेवाल्याला द्यावा. पिस्तूल अर्थात रिकामे असल्याची खात्री करूनच हे करावे. अंतर कळल्यावर त्याला भिंगाचा नंबर अंदाजाने ठरवावा लागणार नाही.

खानापूरकर
आज संध्याकाळी मोजतो. चष्मा आठवडाभरात तयार होतो का?