कर वेगळा, हिशेबही वेगळा
मालमत्ता कर एकाच गल्ल्यात जातो, मानसिक आरोग्याच्या वाट्याला काही येत नाही, असं म्हटलं जातं; पण शिकागोला तरी ते लागू नाही. २०१२ मध्ये तिथल्या महापालिकेने १२ पैकी ६ मानसिक आरोग्य केंद्रं बंद केली. त्याच वर्षी शहराच्या उत्तर-पश्चिमेकडच्या काही वस्त्यांनी मतदान करून स्वतःवरच खास या कामासाठी जादा कर लावून घेतला: हजार डॉलर करामागे साधारण चार डॉलर! त्यातून २०१४ मध्ये केड्झी सेंटर हे मानसिक आरोग्य केंद्र सुरू झालं. त्या भागातल्या रहिवाशांना तिथे मोफत समुपदेशन मिळतं.

मला खटकतं ते वेगळंच. घरांच्या किमती कमी तिथे असा करही कमी जमणार, आणि गरज बहुधा तिथेच जास्त.