मंडोळी रोडचा नवा फ्लॅट की अनगोळचं जुनं घर?

शहापूरकर

नमस्कार. आम्ही बेळगावात, शहापूर भागात भाड्यानं राहतो. मिस्टर उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये आहेत, मी घरी ब्लाऊज शिवते. सासूबाई ७१ वर्षांच्या, गुडघे अगदी गेलेत. मुलगा पाचवीत. दहा वर्षं पै-पै साठवली, गावाकडचा शेताचा वाटा विकून थोडे आले, बाकीचं कर्ज काढणार.

दोन जागा बघितल्यात. एक मंडोळी रोडला नव्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर, दोन बेडरूम, ५२ लाख सांगतात. कागदावर १०८० स्क्वेअर फूट आहे. मी माझा शिवणाचा टेप घेऊन आतून मापलं तर ७४५ भरलं. बाहेरचा रंग व्हायचाय, लिफ्ट बसवलीय पण चालू नाही. दुसरं अनगोळात बैठं घर, पस्तीस वर्षांचं, जांभ्या दगडाच्या भिंती, पुढं कौलं आणि मागं स्लॅब. ४८ लाख. सासूबाईंचा जीव तिथल्या अंगणात अडकलाय, मिस्टरांचं मन नव्यात.

बिल्डर म्हणतो दिवाळीला दर वाढणार, या आठवड्यात दोन लाख टोकन द्या. ज्यांनी नवं घर घेतलंय त्यांनी खरंखुरं सांगा, काय चांगलं, काय वाईट. आमच्यासारख्यांना आयुष्यात एकदाच जमतं हे.

हिंडलगेकर

ताई, सासूबाईंचे गुडघे गेलेत म्हणता, तर माझं मत नव्या फ्लॅटला. माझी आई जुन्या घरात न्हाणीच्या उंबऱ्याला अडखळून पडली, खुबा मोडला. नवीन घरात बाथरूम बेडरूमला लागून, कमोड, उंबरा नाही, लिफ्टनं थेट खाली. विजेचं काम नवं, अर्थिंग नीट, गीझर आणि मिक्सर एकदम लावले तरी फ्यूज उडत नाही. बँकही नव्या फ्लॅटला लवकर कर्ज देते. फक्त लिफ्टला जनरेटर आहे का ते बघा. पावसाळ्यात लाईट गेली की तिसरा मजला म्हातारीला डोंगर होतो.

हिंदवाडीची शिक्षिका

शहापूरकर ताई, टोकन द्यायच्या आधी एवढं वाचा.

आम्ही २०१९ च्या फेब्रुवारीत नव्या बिल्डिंगमध्ये ताबा घेतला. बारा फ्लॅट, आम्ही दुसऱ्या मजल्यावर, पश्चिमेचा कोपरा. घर इतकं देखणं होतं की वास्तुशांतीला आलेली प्रत्येक बाई स्वयंपाकघराच्या ओट्यावरून हात फिरवून गेली. उन्हाळा सुखात गेला. मग जून आला, जुलै आला, आणि ऑगस्टचा तो पाऊस. २०१९ चा ऑगस्ट बेळगावात कुणी विसरला असेल असं वाटत नाही.

आमच्या बेडरूममध्ये पश्चिमेच्या भिंतीला कपाट लावलं होतं. श्रावणी सोमवारी मी साडी काढायला दार उघडलं तर कुबट वास आला. माझ्या आईची, वडगावच्या मागावर विणलेली हिरवी साडी होती त्यात, घडीच्या कडेनं काळे ठिपके पडलेले. कपाट दोघांनी ओढून पुढं घेतलं. मागची भिंत माणसाच्या उंचीएवढी फुगली होती. रंगाला हाताच्या तळव्याएवढे फोड आलेले, एकावर बोट दाबलं तर फुटला आणि आतून पाण्याची ओळ खाली आली. खाली जमिनीलगत पांढरा लोणा, कापसासारखा. ती साडी मी तीनदा धुतली, डाग गेले नाहीत.

नंतर एका जुन्या गवंडीमामांना बोलावलं. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून खालच्या कठड्यावर फिरवला आणि म्हणाले, "बाई, ह्याला ढाळच नाही." कठडा बाहेरच्या बाजूला उतरता हवा, आमचा आतल्या बाजूला झुकलेला. वारा पश्चिमेकडून, पाऊस आडवा मारतो, खिडकीखाली साचलेलं पाणी भिंतीत शिरत होतं. दुसरं, कॉलम आणि ब्लॉकची भिंत जिथं मिळतात त्या सांध्यावर प्लास्टर करण्याआधी जाळी ठोकायची असते. ती ठोकलेली नव्हती. काँक्रीट आणि ब्लॉक ऊन-पावसात सारखे हलत नाहीत, सांध्यावर केसासारखी भेग पडते आणि पावसाला तेवढं पुरतं. तिसरं, प्लास्टर पुरतं वाळायच्या आत पुट्टी मारून रंग दिलेला. आतला ओलावा बाहेर यायला वाट शोधतोच.

मला नव्या घराचा सगळ्यात मोठा तोटा हाच वाटतो, ताई. त्यानं अजून पाऊस बघितलेला नाही. अनगोळच्या घरानं पस्तीस पावसाळे काढलेत. ते कुठं गळतं हे भिंतीवरच्या डागावरून तुम्हाला आजच दिसेल. नव्याचं काहीच दिसत नाही, कारण डाग पडायला वेळच मिळालेला नाही. आता आषाढ चालू आहे, यासारखी संधी नाही. दोन दिवस झड लागली की तिसऱ्या दिवशी जा. बिल्डरला न सांगता जा, वॉचमनला विनंती करा. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीला खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर तळहात लावून बघा. खिडकीच्या कठड्यावर तांब्याभर पाणी ओता, कुठं जातं बघा. बाथरूममध्ये बादली ओतून पाणी मोरीकडं पळतंय का बघा. जमेल तर मोरीचं भोक कापडानं बांधून बाथरूममध्ये चार बोटं पाणी ४८ तास ठेवायला सांगा आणि खालच्या फ्लॅटचं छत बघा. फरशीवर नाण्यानं ठोकत चला, पोकळ वाजली तर खाली माल भरलेला नाही. आणि गच्चीवर जाच. आमच्या गच्चीवर कोब्याला ढाळ कमी होता, पाणी दोन दिवस थांबायचं.

चांगलंही सांगते, नाहीतर एकांगी होईल. आमचं भांडण निभावलं ते रेरामुळं, म्हणजे घर घेणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्यामुळं. त्याच्या कलम १४ मध्ये आहे, ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष दाखवला तर बिल्डरनं ३० दिवसांच्या आत स्वखर्चानं दुरुस्त करायचा. आम्ही फोन करून थकलो होतो. मग फोटो जोडून, तारखा घालून रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवलं. पहिल्याला उत्तर नाही, दुसऱ्याला माणसं आली. २०२० च्या उन्हाळ्यात बाहेरून प्लास्टर फोडून, जाळी मारून, कठडे नव्यानं केले. त्यानंतर भिंत कोरडी आहे, आणि आज मी या घरात समाधानानं राहते. जुन्या घराला असा पाच वर्षांचा आधार नसतो. व्यवहार झाला की ते घर त्याच्या दोषांसकट तुमचं.

पाणी किती दिवसाआड येतं हे बिल्डरला विचारू नका. शेजारच्या घरातल्या बाईला विचारा, आणि एप्रिल-मेमध्ये कसं असतं ते विचारा.

शहापूरकर

बाई, तुमच्या साडीचं वाचून जीव हळहळला. आमची बिल्डिंग सहाच फ्लॅटची आहे. रेराचा नंबर विचारला तर बिल्डर म्हणाला लागत नाही. खोटं बोलतोय का? आणि कागद सगळे कन्नडात आहेत. बोलता येतं मला, पण वाचताना अक्षर अक्षर लावावं लागतं.

कागदवाला, खानापूर रोड

ताई, मी वीस वर्षं वकिलांकडं कारकून आहे, रोज खरेदीचेच कागद हाताळतो. बिल्डर खोटं बोलत नाही. जागा ५०० चौरस मीटरच्या आत असेल, म्हणजे पाच गुंठ्यांहून थोडी कमी, किंवा फ्लॅट आठपर्यंतच असतील तर रेरा नोंदणी लागत नाही. आपल्या गावात अशा लहान बिल्डिंगा भरपूर. पण मग शिक्षिकाबाईंनी सांगितलेला पाच वर्षांचा मुद्दा तुम्ही करारात शब्दशः लिहून घ्या. गळती, भेग, फरशी, प्लंबिंग, सगळं नाव घेऊन. तोंडी "आम्ही आहोत की" हे कोर्टात चालत नाही.

आता टोकन. हे नीट ऐका. बांधकाम पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र मिळायच्या आधी फ्लॅटपोटी एक रुपया जरी दिलात तरी तो बांधकाम चालू असलेला फ्लॅट धरला जातो आणि ५ टक्के जीएसटी लागतो. ५२ लाखांवर २ लाख ६० हजार. १ टक्क्याची सवलत ४५ लाखांपर्यंतच्या घरांना आहे, तुमचं त्यात बसत नाही. सगळी रक्कम प्रमाणपत्रानंतर दिली तर जीएसटी नाही. म्हणजे या आठवड्यातलं दोन लाखांचं टोकन तुम्हाला अडीच लाखांहून जास्त खर्चात पाडू शकतं. बिल्डर नंतर तेवढा दर चढवून मागेल, ती घासाघीस वेगळी, पण निदान माहीत असून करा.

मुद्रांक ५ टक्के, त्यावर सेस आणि सरचार्ज धरून साडेपाचच्या थोडं वर. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी शुल्क १ वरून २ टक्के झालंय. दोन्ही मिळून चार लाखांच्या आसपास बाजूला ठेवा. बँक यासाठी कर्ज देत नाही असं समजूनच चाला.

मंडोळी रोडचा अलीकडचा भाग महानगरपालिकेत, पुढचा ग्रामपंचायतीत. पालिकेत असेल तर ई-खाता, म्हणजे मिळकतीचा ऑनलाइन उतारा बघा, त्याशिवाय आता खरेदी नोंदच होत नाही. पंचायतीत असेल तर ई-स्वत्तूचा, म्हणजे पंचायतीच्या ऑनलाइन मिळकत नोंदीचा फॉर्म ९ आणि ११. त्यात ११ ब असं दिसलं तर थांबा आणि वकिलांना दाखवा. जमिनीचा एनए (बिगरशेती) आदेश, मंजूर नकाशा, निदान तीस वर्षांची ईसी (मिळकतीवर बोजा आहे का ते दाखवणारा दाखला), आणि ओसी (राहायला परवानगी देणारं भोगवटा प्रमाणपत्र). ओसीवर मी हटून बसायला सांगतो. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलंय की हे प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय वीज-पाण्याची जोडणी देऊ नये. घर आपलं आणि मीटर बिल्डरचा तात्पुरता, असं वर्षानुवर्षं काढणारी माणसं माझ्याकडं येतात, बघवत नाही.

कन्नडाची भीती धरू नका. दोन-अडीच हजार घेऊन ओळ न् ओळ मराठीत समजावून सांगणारे कागद लिहिणारे कचेरीजवळ भेटतात. सही करायच्या आदल्या दिवशी मसुदा घरी आणा. सर्व्हे नंबर, चतुःसीमा, कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा), पार्किंगचा नंबर, एवढ्या चार ठिकाणी बोट ठेवून वाचून घ्या. तुम्ही टेपनं मापलंत हे फार चांगलं केलंत. १०८० नं भागलं तर दर ४८०० पडतो, ७४५ नं भागलं तर ७००० ला टेकतो. खरा दर दुसरा.

निपाणीकर

वहिनी, अनगोळच्या घराबद्दल कुणी फारसं बोललं नाही म्हणून लिहितो. मी निपाणीत असंच जुनं घर २०१६ ला घेतलं. जांभ्याची भिंत दीड फुटी, एप्रिलमध्ये दुपारी पंख्याविना झोप लागते, हे सुख नव्या ब्लॉकच्या भिंतीत नाही. पण दरवर्षी मिरगाच्या आधी कौलं परतायला माणसं शोधावी लागतात, आणि ते काम जाणणारी माणसं कमी होत चाललीत. वाशांना वाळवी लागलीय का ते टोकदार खिळा खुपसून बघा. कौलं आणि स्लॅब जिथं जुळतात तिथंच पहिलं गळतं. वायरिंग पूर्ण बदलावं लागलं. आणि उताऱ्यावर सगळ्या वारसांची नावं आहेत का ते बघा. माझ्या वेळी सासरी गेलेल्या एका बहिणीची सही राहिली होती, खरेदी आठ महिने अडकली. शेजाऱ्याशी भिंत सामाईक असेल तर तेही कागदावर हवं.

तरी मला विचाराल तर जमीन आपली आहे, वर एक खोली चढवता येते. फ्लॅटमध्ये ते नाही.

शहापूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. टोकन दिलं नाही.

काल दोन दिवसांच्या झडीनंतर मी, मिस्टर आणि सासूबाई गेलो होतो. लिफ्ट बंदच, म्हणून सासूबाई खाली वॉचमनच्या खुर्चीत बसल्या. हॉलची भिंत कोरडी. मागच्या बेडरूमला खिडकीखाली हात लावला तर गार आणि ओलसर लागलं, पुट्टीवर नखानं ओढलं तर नखात आली. कठड्यावर तांब्या ओतला, अर्धं पाणी आत आलं. मिस्टरांनी मोबाईलवर सगळं टिपून घेतलं.

खाली उतरल्यावर बिल्डरचा माणूस भेटला. त्याला म्हटलं, कठडे उतरते करा, जाळी मारून ते प्लास्टर परत करा, ओसी आणा, मग आम्ही येतो. तो म्हणाला तोपर्यंत फ्लॅट राहणार नाही. सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की बाबा मग."

रविवारी अनगोळला जातोय. निपाणीकर दादा, खिळा घेऊन जाते. वारसांच्या उताऱ्याचा फोटो काढून कागदवाल्या काकांना दाखवते, तेवढं बघाल का?